होमरनच्या चढाओढी व ‘जिवंत’ चेंडूचा वाद

बेसबॉल या अमेरिकन खेळातील [⟶ बेसबॉल] सर्वांत परिणामकारक फटका म्हणजे होमरन. फलंदाजाने टोलविलेला चेंडू दोन्ही फाउल रेषांच्या आत राहून हवेतूनच मैदानाच्या कुंपणापलीकडे गेला, की फलंदाज आणि त्यावेळी बेसवर असलेले त्याचे सर्व सहकारी होम प्लेटवर परततात व तेवढ्या धावा संघाला मिळतात. क्रिकेटमधील षटकाराशी त्याचे वरवर साम्य असले, तरी बेसबॉलमध्ये त्याचे मोल अधिक आहे. पूर्ण सामन्यात एका संघाच्या धावा सामान्यतः चार-पाचच होतात आणि एका होमरनने एक ते चार धावा मिळू शकतात. साहजिकच एका हंगामात सर्वाधिक होमरन कोण काढतो, याची चढाओढ अमेरिकेत १९२० पासून मोठ्या लोकप्रियतेचा विषय झाली. होमरनची संख्या एकाएकी वाढली, की चेंडू ‘जिवंत’ म्हणजे अधिक उसळी घेणारा व अधिक दूर जाणारा केला आहे, असा आक्षेप घेतला जातो. उलट परिस्थितीत तोच चेंडू ‘निर्जीव’ ठरतो. हा वाद केवळ चेंडूच्या घडणीपुरता नाही. एका काळातील विक्रमाची दुसऱ्या काळातील विक्रमाशी तुलना कितपत न्याय्य आहे आणि खेळाच्या साधनांत होणारे बदल खेळाडूंना व प्रेक्षकांना सांगण्याची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न त्याच्या मुळाशी आहेत.

चेंडूची घडण : नियमानुसार चेंडूचे वजन ५ ते ५·२५ औंस (सु. १४२ ते १४९ ग्रॅ.) आणि परिघ ९ ते ९·२५ इंच (सु. २२·९ ते २३·५ सेंमी.) असावा लागतो. त्याच्या मध्यभागी बुचाचा गाभा असून त्यावर रबराची आवरणे असतात. या गाभ्याभोवती तीनशे मीटरांहून अधिक लांबीचे सूत, मुख्यतः लोकरीचे, घट्ट गुंडाळतात. बाहेरून पांढऱ्या कातड्याचे दोन तुकडे बसवून ते तांबड्या दोऱ्याच्या १०८ दुहेरी टाक्यांनी हाताने शिवतात. पूर्वी घोड्याचे कातडे वापरीत. १९७४ पासून गाईचे कातडे वापरात आले. अमेरिकेतील प्रमुख स्पर्धांसाठीचे चेंडू १९७६ पर्यंत स्पॉल्डिंग ही कंपनी पुरवीत असे. १९७७ पासून ते रॉलिंग्ज या कंपनीकडून घेतले जातात व कोस्टा रीका देशातील तूरिआल्बा येथे तयार होतात.

चेंडूच्या जिवंतपणात दोन निराळ्या गुणांचा समावेश होतो. पहिला गुण उसळीचा. लाकडी पृष्ठभागावर सेकंदास ८५ फुट (सु. २६ मी.) वेगाने आपटलेला चेंडू मूळ वेगाच्या किती पटीने परततो, यावरून तो मोजतात. अमेरिकेतील प्रमुख स्पर्धांच्या चेंडूंसाठी हे प्रमाण ०·५१४ ते ०·५७८ यांच्या दरम्यान असणे ग्राह्य मानले गेले आहे. दुसरा गुण म्हणजे हवेतून जाताना चेंडूला होणारा रोध. टाक्यांची शिवण किती उंच आहे व चेंडू किती गोलाकार आहे, यांवर तो काही अंशी अवलंबून असतो. यांशिवाय सूत गुंडाळताना दिलेला ताण, लोकरीची प्रत आणि चेंडूने शोषून घेतलेली आर्द्रता यांचाही परिणाम होतो. यांपैकी बहुतेक गोष्टी पाहून वा हाताळून सहज कळत नाहीत. त्यामुळेच या वादात संशयाला नेहमीच भरपूर वाव राहिला.

निर्जीव चेंडूचा काळ : सु. १९०० ते १९१९ हा काळ बेसबॉलच्या इतिहासात निर्जीव चेंडूचा काळ म्हणून ओळखला जातो. त्यावेळी एकच चेंडू शक्य तितका वेळ वापरीत. तो मळून काळपट व मऊ होई आणि त्याला थुंकी लावणे वा तो खरवडणे या क्लृप्त्या पिचर म्हणजे चेंडू फेकणारे खेळाडू सर्रास योजीत. या परिस्थितीत जोराचा फटका मारण्यापेक्षा हळुवार टोला व चपळ धाव यांवर संघांचा भर असे. फ्रँक बेकर हा १९११ ते १९१४ या चारही हंगामांत अमेरिकन लीगमध्ये होमरनच्या बाबतीत अग्रभागी होता व ‘होमरन बेकर’ या नावाने प्रसिद्धी पावला. परंतु त्याची एका हंगामातील सर्वोच्च संख्या केवळ १२ होती.

याच काळात चेंडूच्या घडणीतील एक महत्त्वाचा बदल झाला. पूर्वीच्या भरीव रबरी गाभ्याऐवजी बुचाचा गाभा असलेला चेंडू १९१० च्या जागतिक मालिकेत वापरण्यात आला व १९११ पासून तो रूढ झाला. अमेरिकन लीगमधील फलंदाजीची सरासरी १९१० मध्ये ·२४३ होती, ती १९११ मध्ये ·२७३ वर गेली. तथापि पिचर मंडळींनी आपल्या क्लृप्त्यांनी या लाभावर लवकरच मात केली. चेंडू अधिक उसळता झाला, तरी तो मळका व ओला असेतो त्याची उसळी फलंदाजाच्या फारशी उपयोगी पडत नाही, हे यावरून दिसून आले.

रूथचा उदय : बेब रूथ (१८९५–१९४८) हा मुळात बॉस्टन रेड सॉक्स संघाचा यशस्वी पिचर होता. त्याने १९१९ मध्ये २९ होमरन काढून नेड विल्यमसनचा १८८४ मधील २७ होमरनचा विक्रम मोडला. विल्यमसनचा विक्रमही निर्वेध नव्हता. शिकागो येथील त्याच्या संघाच्या मैदानाचे कुंपण अतिशय जवळ होते आणि त्यापलीकडे गेलेला फटका त्या एका हंगामापुरता होमरन धरण्यात आला होता. न्यूयॉर्क यांकीज संघाने विकत घेतल्यानंतर रूथने १९२० मध्ये ५४, १९२१ मध्ये ५९ आणि १९२७ मध्ये ६० होमरन काढले. अमेरिकन लीगमधील इतर कोणत्याही संपूर्ण संघाला १९२० मध्ये ५४ होमरन काढता आले नाहीत व १९२७ मध्ये ६० काढता आले नाहीत, यावरून त्याच्या कामगिरीची कल्पना येते. प्रमुख संघांच्या होमरनची एकूण संख्या १९२२ मध्ये एक हजारावर गेली.

चेंडू गुपचूप बदलल्याचा आरोप त्याचवेळी झाला व उत्पादकांनी तो नाकारला. मात्र चेंडूच्या घडणीखेरीज इतर कारणे स्पष्ट दिसतात. थुंकी लावलेल्या चेंडूवर १९२० मध्ये बंदी आली. पूर्वीपासून तो टाकणाऱ्या मोजक्या पिचरांनाच त्यातून सूट मिळाली. १६ ऑगस्ट १९२० रोजी क्लीव्हलँड संघाच्या रे चॅपमन या फलंदाजाच्या डोक्यावर चेंडू आदळला व दुसऱ्या दिवशी तो मृत्यू पावला. या दुर्घटनेनंतर मळके चेंडू काढून पांढरे, स्पष्ट दिसणारे चेंडू वारंवार खेळात आणण्याकडे अधिक लक्ष देण्यात येऊ लागले. क्रिकेटमध्ये चेंडू जुना होत जाणे हा खेळाचाच एक भाग मानला जातो. बेसबॉलमध्ये मात्र येथून पुढे फलंदाजासमोर जवळजवळ नेहमीच नवा चेंडू येऊ लागला. शिवाय रूथच्या यशामुळे पूर्ण ताकदीने बॅट फिरविण्याची पद्धत इतरांनीही उचलली. जिवंत चेंडूचे युग चेंडूतील एखाद्या गुप्त बदलाने अवतरले असे म्हणण्यापेक्षा चेंडूच्या वापराचे नियम व खेळण्याची दृष्टी बदलल्याने अवतरले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

उघड बदल : चेंडू जाणूनबुजून बदलला गेल्याची निःसंदिग्ध उदाहरणेही आहेत. नॅशनल लीगमध्ये १९३० च्या हंगामात सर्व फलंदाजांची मिळून सरासरी ·३०३ झाली आणि शिकागो कब्ज संघाच्या हॅक विल्सनने ५६ होमरन काढले. फलंदाजीचा हा अतिरेक आवरण्यासाठी नॅशनल लीगने १९३१ मध्ये जाड आवरणाचा व उंच शिवणीचा चेंडू स्वीकारला. सरासरी ·२७७ पर्यंत उतरली व होमरनही मोठ्या प्रमाणावर घटले. जाड आवरणामुळे उसळी कमी झाली आणि उंच शिवणीमुळे पिचरला चेंडू पकडणे व वळविणे सोपे गेले.

दुसरे उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील आहे. रबराचा तुटवडा असल्याने १९४३ मध्ये गाभ्यासाठी बलाटा या झाडाच्या चिकापासून मिळणारा पदार्थ वापरण्यात आला. हंगामाच्या आरंभी चेंडू इतके मंद ठरले, की अनेक सामन्यांत एका संघाला एकही धाव काढता आली नाही. अखेर काही आठवड्यांतच चेंडू सुधारावे लागले. या दोन्ही प्रसंगी बदल सर्वांना ठाऊक होता. त्याबद्दल कुरकुर झाली, परंतु फसवणुकीची भावना निर्माण झाली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मँटल-मॅरिस चढाओढ : रूथचा ६० होमरनचा विक्रम ३४ वर्षे टिकला. जिमी फॉक्सने १९३२ मध्ये आणि हँक ग्रीनबर्गने १९३८ मध्ये ५८ पर्यंत मजल मारली. यांकीज संघातीलच मिकी मँटल (१९३१–९५) व रॉजर मॅरिस (१९३४–८५) यांची १९६१ मधील चढाओढ मात्र विक्रमाच्या पलीकडे गेली. त्या वर्षी अमेरिकन लीगमधील संघांची संख्या आठवरून दहा व प्रत्येक संघाच्या सामन्यांची संख्या १५४ वरून १६२ करण्यात आली होती. बेसबॉलचे आयुक्त फोर्ड फ्रिक (१८९४–१९७८) यांनी १७ जुलै १९६१ रोजी असा निर्णय दिला, की पहिल्या १५४ सामन्यांत विक्रम मोडला नाही, तर विक्रमांच्या पुस्तकात तशी वेगळी खूण करावी. फ्रिक हे पूर्वी पत्रकार होते आणि रूथच्या नावाने प्रसिद्ध होणारे लेखन त्यांनी केले होते. त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाविषयी शंका घेतल्या गेल्या.

मँटल दुखण्यामुळे ५४ वर थांबला. मॅरिसने १५४ व्या सामन्याअखेर ५९ होमरन काढले होते. हंगामाच्या शेवटच्या दिवशी, १ ऑक्टोबर १९६१ रोजी, त्याने एकसष्टावा होमरन काढला, तेव्हा यांकी स्टेडियमवर केवळ २३,१५४ प्रेक्षक उपस्थित होते. लोकांची सहानुभूती मँटलकडे व रूथच्या स्मृतीकडे होती. या ताणामुळे मॅरिसचे केस जागजागी गळू लागले होते. फ्रिक यांच्या निर्णयामुळे त्याच्या विक्रमापुढे तारकाचिन्ह असल्याचा समज रूढ झाला. प्रत्यक्षात असे चिन्ह अधिकृतपणे कधीच छापले गेले नाही. दोन्ही विक्रमांची फक्त स्वतंत्र नोंद होत असे. ती पद्धत १९९१ मध्ये रद्द झाली, पण तत्पूर्वी सहा वर्षे मॅरिसचे निधन झाले होते. १९६१ मध्येही चेंडू जिवंत केल्याची चर्चा झालीच. परंतु त्या वर्षीचा खरा फरक सामन्यांची संख्या व दोन नव्या संघांतील दुय्यम दर्जाचे पिचर यांत अधिक होता.

फलंदाजी व गोलंदाजी यांचा समतोल चेंडूला हात न लावताही बदलता येतो, हे १९६९ मध्ये दिसले. आदल्या हंगामात पिचर मंडळींचे वर्चस्व पराकोटीला गेल्याने त्यांच्या उंचवट्याची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर (सु. ३८ सेंमी. वरून २५ सेंमी. वर) आणण्यात आली व ग्राह्य फेकीचे क्षेत्रही आकुंचित करण्यात आले. हे उपाय नियमपुस्तकात लिहिलेले होते, म्हणून त्यांवर फारसा वाद झाला नाही. याउलट १९८७ मध्ये कोणताही नियम बदलला नसता होमरनची संख्या ४,४५८ या तत्कालीन विक्रमी आकड्यावर पोहोचली आणि पुढच्याच वर्षी ३,१८० वर उतरली. चेंडू बदलल्याचे अधिकाऱ्यांनी नाकारले, पण एवढ्या चढउताराचे सर्वमान्य कारण पुढे आले नाही.

उत्तेजक द्रव्यांचे पर्व : मार्क मॅग्वायर व सॅमी सोसा यांच्यातील १९९८ च्या चढाओढीने सारी अमेरिका भारली गेली. खेळाडूंच्या संपामुळे १९९४ ची जागतिक मालिका रद्द होऊन दुरावलेले प्रेक्षक या चढाओढीने परत आणले, असे मानले जाते. मॅग्वायरने ७० व सोसाने ६६ होमरन काढले. २००१ मध्ये बॅरी बाँड्झने ७३ होमरन काढून नवा विक्रम केला. आरंभी संशयाचा रोख चेंडूवरच होता. मॅसॅचूसेट्स विद्यापीठाच्या लोएल येथील प्रयोगशाळेने २००० मध्ये चेंडूंची तपासणी केली, तेव्हा ते नियमांत बसणारे आढळले. परंतु याच अहवालातील दुसरा निष्कर्ष अधिक बोलका होता. नियमांतील मर्यादा इतक्या सैल होत्या, की त्यांत बसणाऱ्या दोन चेंडूंपैकी एक दुसऱ्यापेक्षा सु. ४९ फुट (१५ मी.) अधिक दूर जाणे तत्त्वतः शक्य होते. कुंपणापाशी झेल जाणे वा होमरन होणे यांतील अंतर यापेक्षा कितीतरी कमी असते. म्हणजे कोणताही नियम न मोडता खेळाचे स्वरूप पालटू शकत होते.

पुढे लक्ष चेंडूवरून खेळाडूंच्या शरीराकडे वळले. डिसेंबर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिचेल अहवालाने स्टेरॉइडे व तत्सम द्रव्यांचा व्यापक वापर उघडकीस आणला. मॅग्वायरने जानेवारी २०१० मध्ये आपण १९९८ मध्येही ती घेतल्याचे कबूल केले. बाँड्झने जाणूनबुजून ती घेतल्याचे नाकारले. कीर्तिमंदिरासाठी पत्रकारांच्या मतदानात या तिघांपैकी एकाचीही निवड झाली नाही. अंकांच्या दृष्टीने ७३ हा विक्रम कायम आहे. लोकमानसात मात्र त्याला रूथ व मॅरिस यांच्या विक्रमांचे स्थान लाभलेले नाही.

जपानमधील प्रकरण : चेंडूविषयीच्या संशयाला पूर्ण पुष्टी मिळाली, ती जपानमध्ये. तेथील व्यावसायिक संघ पूर्वी वेगवेगळ्या उत्पादकांचे चेंडू वापरीत. आंतरराष्ट्रीय चेंडूशी मेळ साधण्यासाठी २०११ मध्ये मिझुनो कंपनीचा एकच, कमी उसळीचा चेंडू सर्वांसाठी ठरविण्यात आला. होमरनची संख्या २०१० मध्ये १,६०५ होती, ती २०११ मध्ये ९३९ व २०१२ मध्ये ८८१ झाली. नंतर २०१३ मध्ये ती एकाएकी वाढू लागली. चेंडू बदललेला नाही, असेच अधिकारी प्रथम सांगत राहिले. परंतु खेळाडूंच्या संघटनेने जाब विचारल्यानंतर जून २०१३ मध्ये चेंडू अधिक उसळता केल्याची कबुली देण्यात आली. उत्पादक कंपनीलाही याविषयी मौन पाळण्यास सांगितले गेले होते. परिणामी आयुक्त र्‍योझो काटो यांना पद सोडावे लागले.

याच हंगामात व्लादिमीर बालेंटीन याने ६० होमरन काढून सादाहारू ओह (१९४०–    ) यांचा १९६४ मधील ५५ होमरनचा विक्रम मोडला. त्याच्या कर्तबगारीविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. त्या वर्षी इतर सर्व फलंदाजांनाही तोच चेंडू मिळाला होता व कोणीही त्याच्या जवळपास पोहोचला नाही. तथापि अधिकाऱ्यांच्या लपवाछपवीमुळे त्याच्या विक्रमावर निष्कारण सावट आले. मंद चेंडूच्या दोन हंगामांतील आकड्यांवरून ज्यांचे मानधन ठरले, त्या फलंदाजांची आणि बदल ठाऊक नसताना मार खाणाऱ्या पिचरांची तक्रारही रास्त होती.

अलीकडील संशोधन : अमेरिकेत होमरनची संख्या २०१४ मध्ये ४,१८६ होती, ती २०१७ मध्ये ६,१०५ आणि २०१९ मध्ये ६,७७६ या उच्चांकावर गेली. याच सुमारास, २०१८ मध्ये, प्रमुख स्पर्धा चालविणारी संघटना रॉलिंग्ज कंपनीची भागीदार झाल्याने आरोपांना धार आली. जस्टिन व्हर्लँडर या नामवंत पिचरने २०१९ मध्ये चेंडू हेतुपुरस्सर बदलल्याचे जाहीरपणे म्हटले. संघटनेने ते नाकारले. संघटनेनेच नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीने २०१८ मध्ये असा निष्कर्ष काढला, की चेंडूची उसळी वाढलेली नसून त्याला होणारा हवेचा रोध कमी झाला आहे. डिसेंबर २०१९ च्या अहवालात त्या हंगामातील वाढीपैकी सु. ६० टक्के वाटा रोध घटल्याचा व सु. ४० टक्के फलंदाजांच्या बदललेल्या फटक्यांचा असल्याचे नमूद केले आहे. शिवणीच्या उंचीतील अत्यल्प फरक हे रोध घटण्याचे एक कारण आढळले. परंतु त्याने पूर्ण उलगडा झाला नाही. चेंडू हाताने शिवला जात असल्याने असे फरक कोणाच्या हेतूशिवायही संभवतात.

पुढे २०२१ मध्ये सुताचा ताण किंचित सैल करून चेंडू मंद करण्यात आला व तसे संघांना कळविण्यात आले. तथापि त्या हंगामात जुने व नवे असे दोन्ही प्रकारचे चेंडू वापरले गेल्याचे स्वतंत्र अभ्यासातून निष्पन्न झाले व संघटनेनेही ते नंतर मान्य केले. सु. १,६०० मी. उंचीवरील डेन्व्हर येथे चेंडू आर्द्रता-नियंत्रित खोलीत ठेवण्याची पद्धत २००२ मध्ये सुरू झाली होती; २०२२ पासून ती सर्व ३० मैदानांवर लागू झाली. त्या हंगामात होमरनची एकूण संख्या ५,२१५ पर्यंत घटली असतानाही यांकीजच्या ॲरन जज याने ६२ होमरन काढून मॅरिसचा अमेरिकन लीगमधील विक्रम मोडला. प्रतिकूल चेंडूवर मिळविलेले हे यश म्हणूनच विशेष मानले गेले.

होमरन डर्बी : हंगामातील चढाओढीखेरीज केवळ होमरन मारण्याची स्वतंत्र स्पर्धाही भरविली जाते. निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्याच्या निमित्ताने १९८५ मध्ये मिनीॲपोलिस येथे ती प्रथम झाली व डेव्ह पार्कर विजयी झाला. पूर्वी ठराविक फटके हुकेपर्यंत खेळण्याची मुभा असे. २०१५ पासून वेळेची मर्यादा आली. चेंडू फेकणारा येथे फलंदाजाचा साहाय्यक असतो आणि त्याला मारण्याजोगा सोपा चेंडू देतो. २०१९ मध्ये व्लादिमीर गरेरो (धाकटा) याने तीन फेऱ्यांत मिळून ९१ होमरन मारले, तरी अंतिम फेरीत पीट अलॉन्सोने त्याला हरविले. या स्पर्धेत चेंडू किती जिवंत आहे, याबद्दल प्रेक्षक फारशी तक्रार करीत नाहीत. कारण तेथे सर्व स्पर्धक एकाच दिवशी एकाच मैदानावर खेळतात आणि त्या आकड्यांची तुलना रूथशी करण्याचा प्रश्न येत नाही.

मूल्यमापन : विक्रमांची तुलना चेंडूखेरीज इतर अनेक बाबींनी अवघड केली आहे. रूथच्या काळात प्रमुख संघांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. तो १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनपासून खुला झाला. मैदानांची कुंपणे एकसारखी नाहीत. टप्पा पडून प्रेक्षकांत गेलेला चेंडू १९३०-३१ च्या सुमारास नियम बदलेपर्यंत होमरन धरला जाई. म्हणून जाणकार अभ्यासक विक्रमाचा आकडा त्याच हंगामातील इतरांच्या आकड्यांशी ताडून पाहतात. या कसोटीवर रूथची १९२० मधील कामगिरी नंतरच्या बहुतेक मोठ्या आकड्यांहून सरस ठरते.

चेंडू कायम एकसारखा ठेवणे कठीण आहे, कारण लोकर, कातडे व मानवी हात यांत थोडाफार फरक राहणारच. तो बदलणे हेही गैर नाही. खेळाचा समतोल राखण्यासाठी १९३१ मध्ये तसे उघडपणे करण्यात आले होते. आक्षेपार्ह ठरते, ती गुप्तता. गाभा, सूत वा शिवण यांतील बदल हंगामापूर्वी जाहीर केला, तर फलंदाज व पिचर आपला खेळ त्यानुसार बदलू शकतात आणि भावी अभ्यासकाला आकड्यांचा अर्थ लावता येतो. तो लपविला, तर पिचरच्या अपयशाचे खरे कारण झाकले जाते, फलंदाजाच्या यशावर डाग पडतो व प्रेक्षकांचा विश्वास उडतो. मॅरिसला न छापलेल्या तारकाचिन्हाचा आणि बालेंटीनला दुसऱ्यांनी केलेल्या लपवाछपवीचा भार वाहावा लागला. दोघांच्याही बॅटमध्ये वा चेंडूंना दिलेल्या तडाख्यात कोणतीही लबाडी नव्हती.